जीर्णोद्धार की पुनर्विकास? जुन्या गाड्यांच्या वादाची सोपी उकल

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली. रविवारी सकाळी ती शिवाजी पार्कच्या कडेला उभी केली की पाच मिनिटांत कुणीतरी येतं, गाडीभोवती एक फेरी मारतं आणि विचारतं, "ओरिजिनल आहे का हो?"

उत्तर एका शब्दात देता येत नाही. पत्रा कारखान्यातून आला तोच आहे, फक्त दारांखालच्या पट्ट्या गंजल्या म्हणून बदलल्यात. रंग तिसऱ्यांदा लागलाय. इंजिन तेच, पण दोनदा बोअर केलेलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून घेतलेले. वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी नव्या धर्तीचा आल्टरनेटर आहे. सीटचं रेक्झिन नवं, आतल्या स्प्रिंगा जुन्या. हे सगळं ऐकून एक जण म्हणतो, "म्हणजे ओरिजिनलच." शेजारचा मान हलवतो, "छे, आल्टरनेटर लावला तिथेच संपलं." मग चहा येतो आणि तासभर वाद चालतो. दोघांचंही गाडीवर मनापासून प्रेम असतं. फक्त 'ओरिजिनल' या एका शब्दात दोघं वेगवेगळ्या गोष्टी भरत असतात.

मुंबईकराला हा घोळ इमारतींच्या भाषेत पटकन कळेल. जुनी चाळ आहे. तिची गळती थांबवली, लाकडाला वाळवी लागू दिली नाही, बाकी काही हलवलं नाही, तर ते जतन. पडझड झालेला जिना जुनी छायाचित्रं पाहून, त्याच सागवानात, त्याच नक्षीचा पुन्हा उभारला, तर तो जीर्णोद्धार. आणि चाळ पाडून तिथे टॉवर उभा केला, नाव तेवढं जुनं ठेवलं, तर तो पुनर्विकास. गाड्यांतही हेच तीन प्रकार आहेत. ज्या गाडीचा फिकट रंग, झिजलेलं स्टिअरिंग आणि सीटवरची सुरकुती मुद्दाम तशीच राखलीय, ती जतन केलेली गाडी. शौकीन त्या जुनेपणाला 'पॅटिना' म्हणतात. सुटी करून, प्रत्येक भाग कारखान्याच्या नमुन्याप्रमाणे करून पुन्हा जोडलेली गाडी म्हणजे 'रिस्टोअर' केलेली. आणि वरून जुनी पण आत नवं इंजिन, नवे ब्रेक, एसी असलेली ती 'रेस्टोमॉड'.

इमारतींशी ही तुलना मी ओढूनताणून करत नाही. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' १९६६ पासून काम करते. तिने 'ट्युरिन सनद' नावाची जी तत्त्वं स्वीकारली, ती स्मारकांच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर बेतलेली आहेत. तीस वर्षांहून जुनी, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेली आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरली जाणारी गाडी म्हणजे ऐतिहासिक वाहन, अशी फिवाची ढोबळ व्याख्या. या सनदेतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, नंतरच्या काळात केलेला बदल शक्यतो असा असावा की तो काढून गाडी पुन्हा पूर्ववत करता येईल. दुसरी, काढलेले महत्त्वाचे जुने भाग गाडीसोबत जपून ठेवावेत. चहाच्या टपरीवरचे निम्मे वाद एवढ्याने सुटू शकतात.

पण त्याआधी एक अवघड प्रश्न आहे. पूर्ववत म्हणजे कोणत्या सालासारखं?

आपल्या पद्मिनीचंच बघा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ गाड्यांची जुळणी होई. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातली फियाट ११०० आली, जिला मुंबईत आजही लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतात आणि जिची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली. १९६४ च्या सुमाराला फियाट ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. इटलीत हे मॉडेल साठच्या दशकातच बंद पडलं. कुर्ल्यात मात्र विसावं शतक संपेपर्यंत ते निघत राहिलं. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, आणि बहुतेक सगळा काळ गिअरही स्टिअरिंगखाली.

आता अनेक जण ऐंशीच्या दशकातली पद्मिनी घेतात, तिची पुढची जाळी बदलून जुन्या डिलाइटची लावतात, 'फियाट'ची अक्षरं चिकटवतात आणि गाडी ओरिजिनल केली असं सांगतात. मला हे पटत नाही आणि मी ते तोंडावर सांगतो. ती गाडी फियाट म्हणून कधी कारखान्याबाहेर पडलीच नव्हती. ती कुर्ल्यातल्या कामगारांनी, इथल्या पत्र्यातून, इथे बनलेल्या सुट्या भागांतून घडवलेली पद्मिनी आहे. तिला इटालियन मुखवटा चढवला की त्या कामगारांचं काम पुसलं जातं. साल ऐंशीचं असेल तर ऐंशीचीच ठेवा, प्लॅस्टिकच्या जाळीसकट.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी गुंततो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. समजा तुम्ही अशी एखादी टॅक्सी वाचवली. तिच्यात सीएनजीची टाकी आहे. कारखान्याने ती बसवलेली नव्हती, मग काढायची? टपावरचं कॅरिअर? छताला आतून लावलेलं फुलाफुलांचं कापड? डाव्या बाजूला बाहेर लोखंडी मीटर असे, त्याऐवजी नंतर इलेक्ट्रॉनिक मीटर आला. तो ठेवायचा की जुना शोधून लावायचा?

माझ्या मते सीएनजीची टाकी काढणं ही चूक ठरेल. त्या गाडीचं आयुष्य त्या टाकीवर गेलंय. जाणकारही मानतात की वाहन वापरात असताना, त्या काळच्या गरजेपोटी झालेले बदल हा त्या वाहनाचा इतिहासच असतो. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडे कितीतरी अवजड अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. आज कुणी तशी शेव्हरोले आणली तर आपण नाक मुरडतो. पण त्या इंजिनामुळेच ती भंगारात गेली नाही. तिचं डिझेल इंजिन काढून अमेरिकेतून पेट्रोल इंजिन मागवणं हा जीर्णोद्धार आहे खरा, पण त्यात तिच्या तीस-चाळीस वर्षांच्या भारतीय आयुष्यावर बोळा फिरतो. हे डोळ्यांसमोर ठेवून मग ज्याने त्याने ठरवावं.

आता आधुनिक बदलांकडे येऊ. इथे तत्त्वांइतकंच यंत्राचं ज्ञान लागतं.

सगळ्यात आधी पेट्रोल, कारण ते टाळता येत नाही. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनावर चालणारा, आत पातळ पडदा असलेला. तो पडदाही जुन्या रबराचा असेल तर टिकत नाही. दुसरं, इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साठतं आणि टाकी आतून गंजते. तिसरं, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते आणि त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या गाडीत हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, गचके देतं. उपाय साधे आहेत: इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा, गरज पडली तर कार्ब्युरेटरमध्ये जरा मोठा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक), आणि पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवणं किंवा पूर्ण रिकामी करणं. इथे ओरिजिनल नळ्यांचा हट्ट धरणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी फुटली तर गाडी जळते. नळी ही झिजणारी वस्तू आहे. ती बदलल्याने ओरिजिनलपणा उणावत नाही.

पेट्रोलचाच दुसरा त्रास म्हणजे व्हेपर लॉक. मे महिन्यात सायनच्या जॅममध्ये गाडी बंद पडते, बॅटरी ठीक, पेट्रोल आहे, तरी चालू होत नाही. पंप तापलेल्या इंजिनाला चिकटून असल्याने नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते, आणि पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. म्हणून जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबत. मागे टाकीजवळ छोटा विजेचा पंप बसवला की हा त्रास बराच कमी होतो, कारण तो थंड जागेतून पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो. मात्र अपघातात इंजिन बंद पडलं तरी विजेचा पंप चालूच राहू शकतो, म्हणून त्याला आपोआप बंद होणारा स्विच हवाच. आणि जुना पंप फेकू नये.

दिव्यांची गोष्ट मी अनुभवातून शिकलो. पूर्वी एका गॅरेजमध्ये आमच्या गाडीत शंभर वॉटचे हॅलोजन बल्ब लावून दिले. उजेड छान पडे. एका रात्री पुण्याहून येताना, बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ मागे टाकलं आणि डॅशबोर्डातून जळकट वास येऊ लागला. दिव्यांचा स्विच वितळत होता. गणित सोपं आहे. शंभर वॉट भागिले बारा व्होल्ट म्हणजे एका बल्बला आठ अँपिअरहून जास्त विद्युतप्रवाह, दोघांना मिळून सोळा-सतरा. मूळ बल्ब चाळीस-पंचेचाळीस वॉटचे, म्हणजे प्रवाह याच्या निम्म्याहून कमी, आणि तो सगळा त्या स्विचमधूनच वाहायचा. दुपटीहून जास्त प्रवाह गेल्यावर तारा आणि स्विच तापणारच. योग्य मार्ग म्हणजे रिले. रिले हा दुसऱ्या स्विचने चालणारा स्विच. जुन्या स्विचमधून नाममात्र प्रवाह जातो, मुख्य प्रवाह नव्या जाड तारेतून थेट बॅटरीकडून येतो. बाहेरून काही दिसत नाही आणि अर्ध्या तासात काढून टाकता येतो.

डायनॅमो आणि आल्टरनेटरचा वादही याच जातीचा. डायनॅमो इंजिन जोरात फिरत असताना बॅटरी भरतो. सिग्नलला मंद फिरत असताना त्याच्याकडून फारसं काही मिळत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोकळ्या रस्त्यांवर ते चालून जाई. आज जुलैतल्या संध्याकाळी दिवे, वायपर आणि ब्रेकलाइट एकदम चालू ठेवून माहीमपासून अंधेरीपर्यंत रांगत जायचं म्हणजे बॅटरी बसलीच. आल्टरनेटर मंद गतीलाही वीज देतो. जुन्याच जागेवर, भोक न पाडता बसवता येत असेल तर जरूर बसवावा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र घाई करू नये. चारी चाकांना ड्रम असलेली गाडी घाटात सारखा ब्रेक दाबून उतरवली की ड्रम तापून प्रसरण पावतो, आतल्या लायनिंगची पकड सुटते आणि पेडल खाली जातं. डिस्क म्हणजे उघडी चकती, ती वाऱ्याने थंड होते, म्हणून लोक पुढे डिस्क बसवतात. पण पुढची आणि मागची चाकं किती जोराने थांबावीत याचा मेळ कारखान्याने घातलेला असतो. फक्त पुढे डिस्क लावून मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा भाग, जुनाच ठेवला की तो मेळ बिघडतो. जुन्या बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असतो, कुठेही गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात. माझ्या मते डिस्कच्या आधी दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवणं जास्त शहाणपणाचं आहे. आणि त्याच्याही आधी, घाट खालच्या गिअरमध्ये उतरायला शिकणं.

इंजिन बदलणं, चासी कापणं, विजेवर चालणारी मोटर बसवणं हे प्रकार वेगळे. तिथे परतीची वाट राहत नाही आणि कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकात कारखान्याने दिलेली जी मूळ माहिती आहे तिच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. विजेवर चालणारी गाडी करायची तर मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची परवानगी लागते.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले, ते शौकिनांनी नीट वाचायला हवेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त काळ झालेली आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. नव्याने नोंदवलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका मिळते. जिची नोंदणी आधीच आहे तिला जुना नंबर राखता येतो. घरातला बीएमने सुरू होणारा नंबर जपणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बदल्यात ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे, त्यामुळे हा प्रश्न श्रीमंतांच्या रोल्स रॉइसपुरता उरलेला नाही. आज हौसेने इंजिन बदललं की उद्या ती नोंदणी हातची जाते.

राहिला कंपनीनिष्ठेचा प्रश्न. फियाटवाले आणि अँबेसेडरवाले एकमेकांशी आजही त्याच जोशात भांडतात. फियाट मुंबईची, चपळ, गल्लीबोळांत वळणारी. अँबेसेडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची, ऐसपैस, मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली, १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेली. पण त्या काळी गाडी निवडायची नसे, नंबर लावायचा असे आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची असे. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी बारा हजारांची फियाट घेतली, ती पाच हजारांचं बँकेचं कर्ज काढून. (कुर्ल्याचा तो कारखाना ज्या जुन्या आग्रा रोडच्या परिसरात होता, त्याला आज शास्त्रीजींचंच नाव आहे.) एवढ्या कष्टाने आलेल्या वस्तूवर जीव जडणारच. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली तेव्हा बऱ्याच घरांनी ती घेतली, पण जुनी फियाट विकली नाही.

कंपन्या स्वतः मात्र इतक्या कर्मठ नव्हत्या. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली, तिचा सांगाडा फियाट १२४ चा आणि इंजिन निस्सानचं. नंतर पद्मिनीतही निस्सानचा गिअरबॉक्स बसवून गिअर खाली जमिनीवर आणला. अँबेसेडरला इसुझूचं इंजिन मिळालं. म्हणून कुणी पद्मिनीत ११८ एनईचा गिअरबॉक्स बसवला आणि त्याला 'फियाटशी गद्दारी' म्हटलं गेलं की मला वाईट वाटतं. कारखान्याने जे केलं तेच त्याने घरी केलं. मात्र त्यासाठी त्याने चासी कापली असेल तर माझी तक्रार आहे.

मुंबईत खरी निष्ठा कंपनीपेक्षा मिस्त्रीशी असते. इंजिनाच्या आवाजावरून कोणता टॅपेट सैल आहे सांगणारा, पत्र्यावर पुट्टी न थापता हातोडीने वळण काढणारा माणूस सापडला की लोक ठाण्याहून परळपर्यंत त्याच्याकडेच जातात. अशी माणसं कमी होत चालली आहेत. सुटे भागही. हजारो पद्मिनी टॅक्सी रोज धावत होत्या तोवर त्यांचे बेअरिंग, क्लच प्लेट, किंगपिन कुणीतरी बनवत होतं, कारण रोजचा खप होता. टॅक्सी गेल्या आणि हौशी लोकांच्या गाड्या त्या साखळीला पुरेशा नाहीत. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, मोडीत निघालेल्या गाड्यांच्या ढिगात शोधावं लागतं. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीसाठी पुन्हा कुर्ल्यातच जायचं. गेल्या महिन्यात तिथे मला मागच्या दाराचं हँडल मिळालं, क्रोम उडालेलं, पण कारखान्याचं. नवं चकचकीत हँडल त्याहून स्वस्तात मिळत होतं. मी जुनं घेतलं आणि पुन्हा क्रोम केलं नाही.

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तीत डायनॅमो आहे, जुना पेट्रोल पंप आहे, वितळलेला दिव्यांचा स्विच आहे आणि गंजलेल्या पट्टीचा हातभर तुकडा. प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलीय, कधी काढला, का काढला आणि त्या जागी काय लावलं हे लिहून. परवा लेकीने तिच्या अक्षरात एक चिठ्ठी वाढवली, हँडलची.